मागून धडक बसली, तर चूक कोणाची?

गावोगाव रस्ते झाले. बैलगाडी मागे पडली. मोटारसायकल, टेम्पो, ट्रॅक्टर दारात आले. वाहने वाढली, तसे अपघातही आले. अपघात झाला की दोन भांडणे सुरू होतात. एक रस्त्यावरचे. ते घटकाभरात मिटते. दुसरे विमा कंपनीशी. ते कागदावर चालते आणि महिनोन् महिने चालते. तोंडाच्या जोरावर ते जिंकता येत नाही. तिथे वाचता-लिहिता येणाऱ्याचे काम. आता तुम्हांला अक्षरे येतात. म्हणून हे भांडण कसे लढावे, ते आम्ही आज सांगतो.

समजा, जुन्नर तालुक्यातला एक शेतकरी टेम्पोत टोमॅटोचे क्रेट घालून नारायणगावच्या बाजाराला निघाला. पुढे गतिरोधक आला. त्याने वेग कमी केला. तेवढ्यात मागून एक मोटार आली आणि टेम्पोवर आदळली. फाळका वाकला. दिवे फुटले. टोमॅटो रस्त्यावर सांडले. शेतकऱ्याच्या खांद्याचे हाड मोडले.

मोटारीचा विमा होता. शेतकऱ्याला वाटले, धडक मागून बसली, म्हणजे चूक मागच्याची, पैसे मिळणारच. पण मोटारीच्या विमा कंपनीचे पत्र आले, ‘तुम्ही एकाएकी ब्रेक मारला. तुमच्या टेम्पोचा मागचा लाल दिवा लागत नव्हता. म्हणून निम्मी चूक तुमची. निम्मेच पैसे मिळतील.’

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! आता काय करावे?

नियम काय सांगतो?

वाहन चालविण्याचे केंद्र सरकारचे नियम २०१७ साली नवे झाले. पुढचे वाहन अचानक थांबले, तरी आपल्याला धडक न देता थांबता येईल एवढे अंतर मागच्याने ठेवायचे, असा नियम आहे. हा नियम का केला? मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती एका सेकंदात सुमारे ५५ फूट जाते. डोळ्याने पाहिले, मनाने जाणले, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच एक सेकंद जातो. मग दहा-पंधरा फुटांवरून मागे मागे येणारा थांबणार कसा?

असाच एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पुढे ट्रक होता, मागे मोटार. दोहोंत अंतर अवघे दहा-पंधरा फूट. ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि मोटार आदळली. २०१८ साली न्यायालयाने सांगितले की, मोटारवाल्याने पुरेसे अंतर ठेवले नाही, दोष त्याचा.

पण मंडळी, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. नियमाला दुसरी बाजूही आहे. कारण नसताना पुढच्याने एकाएकी ब्रेक मारू नये, असाही नियम आहे. तमिळनाडूत कोइमतूर येथे २०१७ साली एका मोटारवाल्याने हमरस्त्यावर इशारा न देता गाडी थांबविली. मागून येणारा मोटारसायकलवाला विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला आणि मागची बस त्याच्या पायावरून गेली. पाय गमवावा लागला. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने दोष असा वाटला : मोटारवाल्याचा ५० टक्के, बसचा ३० टक्के आणि अंतर न ठेवल्याबद्दल विद्यार्थ्याचा २० टक्के.

तेव्हा ‘मागच्याचीच चूक’ हे नेहमीच खरे नाही. दोष पुराव्यावर ठरतो. रात्री रस्त्यात ऊसाची ट्रॉली उभी आहे, मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, अशा वेळी मागून कोणी आदळले, तर ट्रॉलीवाल्यावरही दोष येऊ शकतो.

निम्मी चूक म्हणजे किती?

जेवढे टक्के दोष, तेवढे पैसे कापले जातात. नुकसान २ लाखांचे असले आणि ५० टक्के दोष तुमच्या माथी आला, तर १ लाखच हाती पडतो. म्हणून ‘निम्मी चूक तुमची’ हे साधे बोलणे नव्हे. त्यात घरचे पैसे जातात.

आणि हे पक्के ध्यानात धरा : कंपनीने लिहिले म्हणजे न्याय झाला असे नाही. कंपनी ही वादातली एक बाजू आहे. निवाडा करण्याचे काम न्यायाधिकरणाचे.

पुरावा कसा राखावा?

आधी माणूस, मग पुरावा. जखमीला दवाखान्यात न्या. १०८ नंबरला फोन केला की रुग्णवाहिका येते, ११२ ला केला की पोलीस येतात. दवाखान्यात खांदा कसा दुखावला ते सांगा आणि केसपेपर जपून ठेवा.

मग, वाहने हलविण्यापूर्वी, फोनवर फोटो काढा. दोन्ही वाहने कशी उभी आहेत, रस्त्यावर चाके घासल्याच्या खुणा, गतिरोधक, दुसऱ्या गाडीचा नंबर, सगळे यावे. फुटलेल्या दिव्याच्या काचा कुठे पडल्या तेही यावे. टेम्पोचा दुसरा लाल दिवा शाबूत असेल, तर ब्रेक दाबून, तो लागलेला फोटो काढा. ‘दिवा लागत नव्हता’ ह्या म्हणण्याला हेच उत्तर.

पाहणाऱ्या दोघांची नावे व फोन नंबर लिहून घ्या. जवळच्या दुकानाला किंवा पेट्रोल पंपाला कॅमेरा असेल, तर तेथील चित्र पुसले जाण्यापूर्वी मागा. पोलिसांत खबर द्या. पंचनाम्यात गतिरोधकाचा उल्लेख आहे का, ते वाचून पाहा. तुमचा जबाब लिहून घेतला, की तोही आधी वाचा, मगच सही करा. ‘घाईत ब्रेक मारला’ आणि ‘गतिरोधक होता म्हणून हळू केली’ ह्यांत फार अंतर आहे.

कंपनीला उत्तर कसे लिहावे?

भांडायला जाऊ नका. चार ओळी लिहा. अशा :

‘आपले पत्र मिळाले. निम्मी चूक माझी, हे मला मान्य नाही. पुढे गतिरोधक होता, म्हणून मी वेग कमी केला. माझा लाल दिवा लागत होता. सोबत फोटो व पंचनाम्याची नक्कल जोडली आहे. माझी चूक आपण कोणत्या पुराव्यावरून ठरविली, ते लेखी कळवावे.’

खाली तारीख, सही व गाडीचा नंबर घाला. पत्राची नक्कल घरी ठेवा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा व पावती जपा.

दाद कोठे मागावी?

येथे दोन वाटा आहेत. त्यांची गल्लत करू नका.

समोरच्याच्या विमा कंपनीकडून भरपाई हवी असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा. तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत दिली आहे. म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. वकिलाला पैसे नसतील, तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तेथे विचारा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता फुकट मदत मिळते.

तुमच्या स्वतःच्या गाडीची पूर्ण पॉलिसी असेल, तर दुरुस्ती आपल्या कंपनीकडूनही करून घेता येते. मात्र एक पाहा. वर्षभर काही न मागणाऱ्याला पुढच्या हप्त्यात सूट मिळते. ही सूट २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाते. चूक तुमची नसली, तरी आपल्या पॉलिसीवर पैसे मागितले की ही सूट जाते. दुरुस्ती थोडी असेल, तर आधी हिशेब करा. आणि पॉलिसीवर नुसते ‘थर्ड पार्टी’ असेल, तर आपल्या गाडीची दुरुस्ती तीतून मिळत नाही.

आपल्याच कंपनीने अडविले, तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालये मुंबईस व पुण्यास आहेत. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही. पण कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत गेले पाहिजे.

सहीपूर्वी थांबा

कोणी घरी येईल. ‘एवढे पैसे घ्या, इथे सही करा’ म्हणेल. दवाखान्याचे बिल डोळ्यांपुढे असते, मन लगेच होकार देते. पण त्या कागदावर ‘संपूर्ण व अंतिम समाधान झाले’ असे लिहिले असेल, तर पुढचे मागणे बहुधा संपले. मोठी दुखापत झाल्यास चूक सिद्ध न करता अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. ती रक्कम घेतली, तर न्यायाधिकरणातला दावा संपतो. कोणती वाट धरायची, ते वकिलाला विचारूनच ठरवा. कागद इंग्रजीत असला, तर समजावून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका.

लक्षात ठेवा

१. मागच्याने अंतर ठेवावे, पुढच्याने उगाच ब्रेक मारू नये.
२. वाहनाचे मागचे लाल दिवे रोज पाहावे.
३. फोटो, साक्षीदार, पंचनामा, केसपेपर हे चार आधार जपावे.
४. कंपनीशी बोलणे लेखी करावे.
५. सहा महिन्यांची मुदत विसरू नये.
६. वाचल्यावाचून सही नाही.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आपल्या गाडीची पॉलिसी पेटीतून काढा. ती कोणत्या तारखेला संपते आणि ती पूर्ण आहे की नुसती थर्ड पार्टी, ते स्वतः वाचा. अडले, तर वर्गात घेऊन या. आपण मिळून वाचू.