अर्जदार समाधानी आहे काय?

सरकारी नोकरीची जाहिरात निघाली की पात्रता काय, वयोमर्यादा किती, जागा किती आणि अखेरची तारीख कोणती, एवढीच चर्चा आपल्यात चालते. पुढे परीक्षा होते, निकाल लागतो आणि निवड झालेल्यांचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. परंतु ज्या असंख्य मुलामुलींनी अर्ज केले, त्यांना तो अर्ज करताना कोणता अनुभव आला? जाहिरात त्यांना समजली काय? संगणकावरचा फॉर्म सुरळीत भरला गेला काय? आपल्या अर्जाचे पुढे काय झाले, हे त्यांना कोणी कळविले काय? या प्रश्नांची नोंद सहसा कोठेच राहत नाही.

लोकप्रशासन हा विषय अभ्यासताना माझ्या वाचनात असे आले की, अमेरिकेच्या संघ सरकारने नेमक्या याच प्रश्नांचे मोजमाप करण्याची पद्धत बसविली. अर्जदाराचे समाधान ही मोजता येण्याजोगी वस्तू आहे, हीच कल्पना मला प्रथम नवलाची वाटली. ते मोजमाप कसे होते, त्यातून काय हाती लागते आणि काय निसटते, हे येथे थोडक्यात मांडावयाचे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सरकारी जागा निवडून आलेल्या पक्षाच्या मर्जीने वाटल्या जात. अध्यक्ष बदलला की टपाल कचेरीतल्या कारकुनापर्यंत माणसे बदलत. १८८१ साली जेम्स गारफील्ड अध्यक्ष झाले, तेव्हा चार्ल्स गिटो नावाचा एक इसम पॅरिसमधील वकिलातीत आपल्याला जागा मिळावी म्हणून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होता. त्याला अखेर स्पष्ट नकार मिळाला. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर त्याने गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि १९ सप्टेंबरला ते मरण पावले. गिटोचे डोके ठिकाणावर नव्हते, हे खरे. तथापि या घटनेने देश हादरला आणि १८८३ साली पेंडल्टन कायदा संमत झाला. सरकारी जागा खुल्या स्पर्धेने, गुणवत्तेवर भराव्यात, हे तत्त्व तेथे कायद्याने मान्य झाले. आरंभी थोड्याच जागा या कायद्याखाली आल्या. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली.

खुली स्पर्धा म्हटली की अर्ज आला, आणि अर्ज आला की त्याचे कागद आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे कागद इतके वाढले की, नागरिकांवरील कागदी ओझे कमी करण्यासाठी १९८० साली अमेरिकेत एक स्वतंत्र कायदा करावा लागला. १९९५ मध्ये त्याची सुधारणा झाली. या कायद्यातली एक तरतूद मला फार उद्बोधक वाटते. सरकारच्या कोणत्याही खात्याला दहा किंवा अधिक लोकांना एकसारखे प्रश्न विचारावयाचे असतील, तर अध्यक्षांच्या अर्थसंकल्प कचेरीची आधी परवानगी घ्यावी लागते. प्रश्नावली कशासाठी, ती किती जण भरतील, एकाला किती मिनिटे लागतील आणि सर्वांचे मिळून किती तास खर्ची पडतील, याचा हिशेब द्यावा लागतो. सामान्यतः आधी ६० दिवसांची आणि नंतर ३० दिवसांची अशा दोन सूचना सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि कोणाही नागरिकाला त्यांवर मत कळविता येते. मंजूर प्रश्नावलीवर एक क्रमांक छापलेला असतो. तो नसेल, तर उत्तर दिले नाही म्हणून कोणाला दंड करता येत नाही. म्हणजे समाधान विचारण्यातदेखील नागरिकाचा वेळ जातो आणि त्या वेळाला किंमत आहे, हे तेथे कायद्यानेच मानले आहे.

दुसरीकडे, १९९३ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी एक आदेश काढून प्रत्येक खात्याने आपल्या सेवेचा लाभ घेणाऱ्यांना विचारावे आणि त्यांचे समाधान मोजावे, असे सांगितले. ओझे कमी करा, असे कायदा म्हणतो. लोकांना विचारा, असे आदेश म्हणतो. या दोहोंच्या कात्रीतून ज्या पाहण्या निघाल्या, त्यांत नोकरीच्या अर्जदारांची पाहणी ही एक होय. संघ सरकारच्या जागांच्या जाहिराती ‘यूएसएजॉब्स’ नावाच्या एकाच संकेतस्थळावर येतात. सरकारचे कर्मचारी व्यवस्थापन कार्यालय ते चालविते. या संकेतस्थळावर येणाऱ्यांना आणि अर्ज करणाऱ्यांना छोटी प्रश्नावली देण्याची प्रथा पडली.

आता मोजमापाची रीत पाहू. मिशिगन विद्यापीठात क्लेस फॉर्नेल यांच्या पुढाकाराने १९९४ साली ग्राहकांच्या समाधानाचा एक राष्ट्रीय निर्देशांक सुरू झाला आणि १९९९ पासून सरकारी खात्यांसाठीही तो वापरात आला. यूएसएजॉब्सचे गुणही काही वर्षे याच पद्धतीने काढून प्रसिद्ध केले जात. याच्या मुळाशी तीनच प्रश्न आहेत. एक, एकंदरीत तुम्ही किती समाधानी आहात? दोन, तुमच्या अपेक्षेच्या मानाने हा अनुभव कसा होता? तीन, तुमच्या मनातल्या आदर्श सेवेच्या हा किती जवळ येतो? प्रत्येक उत्तर १ ते १० या मापावर द्यावयाचे. नंतर या उत्तरांचे ० ते १०० मध्ये रूपांतर करतात. सोयीसाठी तिन्ही प्रश्नांना सारखेच वजन आहे असे धरू (प्रत्यक्षात वजने वेगळी असतात). एखाद्याने ८, ७ आणि ६ असे गुण दिले, तर सरासरी ७ आली. त्यातून १ वजा केला, ९ ने भागले आणि १०० ने गुणले, की सुमारे ६७ हा आकडा मिळतो. १ वजा करण्याचे कारण असे की, सर्वांत वाईट गुण १ आहे आणि तो नव्या मापावर शून्य ठरला पाहिजे. यामुळे दहापैकी ५ गुण म्हणजे निम्मे समाधान असे होत नाही. ते ४४ च भरते. आकडे वाचताना हे लक्षात ठेवणे बरे.

परंतु नुसत्या ६७ या आकड्याने कोणाचे भले होणार? ताप १०१ आहे एवढे कळल्याने दुखणे कळत नाही. म्हणून त्याच प्रश्नावलीत अनुभवाच्या अंगोपांगांविषयी वेगळे प्रश्न असतात: माहिती स्पष्ट आहे काय, हवी ती जागा शोधता येते काय, एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणे सोपे आहे काय, पाने लवकर उघडतात काय. मग कोणते अंग सुधारले तर एकूण समाधान किती वाढेल, याचा अंदाज संख्याशास्त्राने बांधतात. समजा, रंगरूपाला कमी गुण मिळाले आहेत, पण त्याचा एकूण समाधानावर फारसा परिणाम होत नाही. आणि जागा शोधण्याच्या सोयीला बरे गुण आहेत, पण तिचा परिणाम मोठा आहे. अशा वेळी पैसा रंगरंगोटीवर न घालता शोधण्याच्या सोयीवर घालावा, असा सल्ला या रीतीतून निघतो. या पाहणीचे खरे मोल मला येथे दिसते.

अर्जदारांची गाऱ्हाणी मात्र संकेतस्थळापुरती नव्हती. गुणवत्ता संरक्षण मंडळ म्हणून अमेरिकेत एक सरकारी मंडळ आहे. त्याने २००३ साली जाहिरातींचाच अभ्यास करून त्या लांबलचक आणि दुर्बोध असल्याचे दाखवून दिले होते. शिवाय अर्जाबरोबर ज्ञान, कौशल्य व क्षमता यांवर निबंधवजा उत्तरे लिहावी लागत. ११ मे २०१० रोजी अध्यक्ष ओबामा यांनी आदेश देऊन अर्जाच्या पहिल्याच पायरीवर असे निबंध मागणे बंद करावयास सांगितले. आत्मवृत्त आणि अर्जाचे पत्र पुरेसे मानले. अर्ज पोहोचला, पात्रता तपासली गेली, नाव निवड करणाऱ्याकडे गेले किंवा गेले नाही, आणि अखेर निवड झाली किंवा झाली नाही, या चार टप्प्यांवर अर्जदाराला कळवावे, असाही दंडक आला. जागा भरण्यास ८० दिवसांहून अधिक लागू नयेत, असे उद्दिष्ट ठेवले गेले. पुढे २०२५ च्या मे महिन्यातील नव्या योजनेत लघुनिबंधांचे प्रश्न पुन्हा आले आणि आत्मवृत्ताला दोन पानांची मर्यादा आली. अर्ज किती सोपा असावा आणि त्यातून किती पारख व्हावी, हा वाद तेथेही मिटलेला नाही.

२०११ च्या ऑक्टोबरात आणखी एक धडा मिळाला. त्यापूर्वी खाजगी कंपनीकडे असलेले हे संकेतस्थळ सरकारने स्वतःच्या ताब्यात घेऊन नव्या रूपात उघडले. उघडताच ते मंदावले; अनेकांना आत शिरता येईना, आणि शोधावे एक तर निघावे दुसरेच, अशी गत झाली. लोकांनी उघडपणे तक्रारींचा पाऊस पाडला. येथे मला एक शंका येते. ज्याला आत शिरताच आले नाही, त्याच्यापुढे समाधानाची प्रश्नावली येणार कशी?

माझ्या मते अशा सर्व पाहण्यांचे वर्म येथेच आहे. जो उत्तर देतो तोच मोजला जातो. याचे जुने उदाहरण अमेरिकेतच आहे. १९३६ च्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठविल्या आणि सुमारे २४ लाख परत आल्या. त्यांवरून लँडन निवडून येतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, आणि उत्तर पाठविणारे त्यांतलेही थोडेच. आकडा कितीही मोठा असला, तरी तो चुकीच्या माणसांचा असेल तर उपयोगाचा नाही.

आपल्याच इतिहासातला दाखला अधिक बोलका आहे. आय.सी.एस.ची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून लंडनमध्ये होऊ लागली. कायद्याने ती हिंदी तरुणांना बंद नव्हती. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली ती उत्तीर्णही झाले. पण समुद्र ओलांडून जाण्याइतके धन आणि धाडस किती घरांत होते? त्यात १८७८ पासून कमाल वय २१ वरून १९ वर आणले गेले. त्याविरुद्ध सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी देशभर दौरा केला. परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, ही मागणी दादाभाई नौरोजींनी आणि राष्ट्रसभेने वर्षानुवर्षे लावून धरली. १८९३ साली पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने तसा ठराव केला, पण तो अमलात आला नाही. येथे परीक्षा होण्यास १९२२ साल उजाडले. आता कल्पना करा की, १८८० च्या सुमारास लंडनच्या परीक्षागृहाबाहेर उभे राहून कोणी अर्जदारांना त्यांचे समाधान विचारले असते. बाके आरामशीर, प्रश्नपत्रिका स्वच्छ, व्यवस्था चोख, असाच निर्वाळा मिळाला असता. जे पुण्यात, सातारला किंवा रत्नागिरीला घरीच बसून राहिले, त्यांचे असमाधान त्या कागदावर कोठे उमटले असते?

आज समुद्र ओलांडावा लागत नाही, पण लहान ओढे पुष्कळ आहेत. माझ्या वर्गातील एका मैत्रिणीने गेल्या वर्षी एका भरतीचा अर्ज सेवा केंद्रात बसून भरावयास घेतला. छायाचित्र आणि सही ठरावीक के.बी.त बसेना, बसली तेव्हा ओटीपी ज्या मोबाईलवर यावयाचा, तो वडिलांबरोबर शेतावर होता. वडील संध्याकाळी परतले तेव्हा केंद्र बंद झाले होते, आणि तीच अखेरची तारीख होती. सरकारी भाषेत ती ‘अर्जदार’ झालीच नाही. अर्जदारांची पाहणी उद्या झाली, तर तिच्याकडे कोणी येणार नाही.

आणखी एक गुंता सांगितला पाहिजे. निकालाचा रंग समाधानावर चढतो. निवड झालेल्याला सारे गोड वाटते, न झालेल्याला जाहिरातीतला स्वल्पविरामही खुपतो. म्हणून अर्ज पाठविल्याबरोबर एकदा आणि निकालानंतर पुन्हा एकदा, असे दोन वेळा विचारणे अधिक न्याय्य होय. पहिल्या उत्तरात फॉर्मविषयीचे मत बरेचसे निर्भेळ मिळते. दुसऱ्यात वागणुकीविषयीचे कळते. नाकारलेला माणूसही ‘मला वेळेवर आणि नीट कळविले’ असे म्हणू शकला, तर ती त्या व्यवस्थेला मिळालेली सर्वांत मोठी पावती समजावी.

हे सारे पाहता अशा पाहण्या निरुपयोगी आहेत, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. तापमापक अपुरा आहे म्हणून तो फेकून देत नाहीत. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या भरतीनंतर तीन गोष्टी प्रसिद्ध व्हाव्यात, असे मात्र मला वाटते. किती जणांनी नोंदणी सुरू केली आणि त्यांपैकी किती जणांचा अर्ज पुरा झाला. मधे सोडणारे कोणत्या पानावर अडले. आणि पुरा करणाऱ्यांचे समाधान किती. पहिले दोन आकडे संगणकाच्या नोंदीत आपोआप जमा होऊ शकतात. त्यांसाठी कोणाला एक मिनिटही विचारावे लागत नाही. तिसऱ्यासाठी चार-पाच साधे प्रश्न मराठीत पुरेत.

आपल्यापैकी बहुतेकांना पदवीनंतर हे फॉर्म भरावयाचे आहेत. त्यांतले थोडे नोकरीला लागतील, आणि त्यांतलेही एखाददोघे पुढे असे फॉर्म तयार करणाऱ्या टेबलापाशी बसतील. त्या वेळी त्यांनी ‘अर्ज करणारे समाधानी आहेत काय?’ हे अवश्य विचारावे. पण त्याआधी ‘कोण अर्ज करू शकले नाही?’ हे विचारावे, एवढीच अपेक्षा.