आवाज आधी, ओठ मागाहून

मये गावातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘चवथीला मोठा टीव्ही घेतला, साउंडबार लावला. पण बातम्या देणारी बाई तोंड उघडण्याआधीच बोलते. साउंडबार बदलून घेऊ का?’

बदलू नका. साउंडबार बहुधा वेळेवर आहे, उशीर टीव्हीला होतोय. आजकालचा टीव्ही आलेलं चित्र तसंच्या तसं दाखवत नाही. तो ते मोठं करतो, त्यातले ठिपके पुसतो, रंग खुलवतो आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाचं तिसरं घुसडतो. आता मधलं चित्र रचायचं तर पुढचं हातात यायला हवं, म्हणजे थांबणं आलंच. या सगळ्या नटण्यामुरडण्यात सेकंदाचा दहावा भागही सहज जातो. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर हे कळत नाही, कारण टीव्ही आवाजालाही तेवढंच थांबवून ठेवतो. सेट-टॉप बॉक्समधून आवाज थेट साउंडबारला गेला, की त्याला थांबवणारं कोणी उरत नाही.

पण एवढ्याशा फरकाने आपण इतके बेचैन का होतो? मयेच्या तळ्याकाठी उभे राहा. पलीकडे १७० मीटरवर कोणी दगडावर कपडे आपटत असेल, तर दणका दिसतो आणि आवाज अर्ध्या सेकंदाने येतो. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. जत्रेतल्या नाटकाला मंचापासून ४० मीटर मागे बसलात, तर राजाचा प्रत्येक शब्द सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक उशिरा कानावर पडतो. आजवर कोणी तक्रार केलेली नाही. उशिरा येणारा आवाज मेंदूच्या जन्माच्या ओळखीचा आहे. दणका दिसण्याआधी ऐकू येणं मात्र निसर्गात घडतच नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीतले आकडे असे एकतर्फी आहेत: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला की लोकांच्या लक्षात येतं, मागे पडला तर १२५ पर्यंत खपून जातं.

डोळा-कानाच्या या घोळात एक बळीही गेला, तो एका खगोलनिरीक्षकाचा. ग्रीनिचच्या वेधशाळेत डेव्हिड किनब्रुक हा राजखगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलिनचा मदतनीस होता. काम असं: दुर्बिणीत तारा तारेच्या रेघेमागून सरकताना पाहायचा, त्याच वेळी घड्याळाचे ठोके कानांनी मोजायचे आणि तारा नेमका कोणत्या दोन ठोक्यांच्या मध्ये रेघेवर आला ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत सांगायचं. किनब्रुकची वेळ साहेबांच्या वेळेपेक्षा ०.८ सेकंदाने मागे पडू लागली. सांगूनही सुधारेना, म्हणून १७९६ मध्ये त्याला घरी पाठवलं. पुढे जर्मन खगोलज्ञ बेसेलला या नोंदीत काहीतरी खटकलं. त्याने स्वतःची वेळ इतर नामांकित निरीक्षकांच्या वेळेशी ताडून पाहिली, तर तिथेही फरक! कधी तर सेकंदाहून जास्त. डोळा आणि कान यांचा मेळ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा बसतो, एवढाच किनब्रुकचा गुन्हा होता. मॅस्केलिनची वेळ बरोबर, असं तरी कोणी ठरवलं होतं? पण साहेब तो होता. तुमच्या घरातही एकाला खटकतं आणि दुसऱ्याला ‘काही नाही रे’ वाटतं, त्यात एखादा किनब्रुक असू शकतो.

जुन्या थिएटरातला ऑपरेटर चित्र आणि आवाज यांचं हे गणित हातानेच जमवायचा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापलेली असे, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग भिंगाच्या खाली असतो. मधला फिल्मचा लूप लहानमोठा झाला की नायकाचे ओठ आणि संवाद यांची फारकत.

तुमच्या हातात लूपऐवजी रिमोट आहे. आधी टीव्हीला गेम मोडवर टाका. त्यात चित्राची बरीचशी सजावट बंद पडते आणि उशीर घटतो. उरलेल्यासाठी साउंडबारच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ शोधा आणि दहा-वीस मिलिसेकंदांनी वाढवत जा. डब केलेला सिनेमा लावून हे करू नका, तिथे ओठ मुळातच परभाषेत हलत असतात. थेट बातम्या लावा आणि प, ब, म कडे लक्ष ठेवा. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. ‘पणजी’, ‘मुंबई’ म्हणताना ओठ सुटायला आणि आवाज यायला एकच गाठ पडली, की थांबा.

साउंडबार ब्लूटूथवर असेल तर रोग उलटा: आवाज मागे पडतो. तिथे डिलेचं बटण उपयोगाचं नाही, ते आवाजाला थांबवू शकतं, लवकर आणू शकत नाही. टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय भोकातून केबल जोडा. २००६ पासून एचडीएमआयमध्ये हा मेळ आपोआप बसवण्याची सोय आहे, पण दोन्ही यंत्रांनी ती नीट पाळली तर.

आणि दुकानदार सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल पुढे करील, ती घेऊ नका. दोन मीटर केबल ओलांडायला सिग्नलला सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाच्या दहापट वेळ लागतो, मग ती शंभराची असो वा पाच हजारांची.