पडद्यावरचे हेग आणि प्रत्यक्षातील न्याय

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर १९२४ साली स्थापन झालेले विधी महाविद्यालय आहे आणि १९६४ साली सुरू झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही आहे. कायदा आणि चित्रपट यांचे असे शेजार पडद्यावर मात्र क्वचितच आढळते. आंतरराष्ट्रीय कायद्याची लोकमानसातील प्रतिमा प्रत्यक्षाहून बरीच भिन्न आहे. महाराष्ट्राला परिचित अशा दोन प्रकरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिले प्रकरण फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेल्या विनायक दामोदर सावरकर यांचे. ८ जुलै १९१० रोजी त्यांनी मार्सेलिस बंदरात बोटीतून उडी घेतली. किनाऱ्यावर फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडले आणि ते पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. सुधीर फडके यांची निर्मिती असलेल्या २००१ च्या ‘वीर सावरकर’सारख्या चित्रपटांमुळे ही उडी नव्या पिढीसही ठाऊक आहे, त्यानंतरचा कायदेशीर वाद तितकासा ठाऊक नाही. हेगच्या लवादापुढे पक्षकार होते फ्रान्स आणि ब्रिटन, सावरकर नव्हेत. २४ फेब्रुवारी १९११ रोजी पाच सदस्यांच्या लवादाने अटकेत अनियमितता झाल्याचे मान्य केले. तथापि, परकीय अधिकाऱ्याच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी सावरकरांची अंदमानात रवानगी झाली.

दुसरे प्रकरण कुलभूषण जाधव यांचे. १७ जुलै २०१९ चा निकाल देशभर दूरचित्रवाणीवर पाहिला गेला आणि विजय म्हणून गाजला. पाकिस्तानने वकिलातीशी संपर्काचा हक्क डावलला, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी ठरविले. मात्र मुक्ततेची मागणी मान्य झाली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा व तोवर फाशी स्थगित ठेवावी, असा आदेश होता.

नाट्यास नायक, खलनायक व अंतिम निवाडा हवा असतो. या न्यायालयापुढे मात्र राष्ट्रे उभी राहतात, त्याचा अधिकार राष्ट्रांच्या संमतीतून येतो आणि त्याच्यापाशी स्वतःचे पोलीस दल नाही. उभय देशांनी १९६३ च्या व्हिएन्ना करारास जोडलेला पूरक करार स्वीकारला होता, म्हणूनच भारतास तेथे दाद मागता आली.

हा विषय केवळ अभ्यासकांचा नाही. गावातील तरुण परदेशी नोकरीस गेला व तेथे त्यास अटक झाली, तर ‘माझ्या वकिलातीस कळवा’ असे सांगण्याचा हक्क त्यास याच कराराने दिला आहे. पंचायत सदस्यांनी अशा कुटुंबांस ही माहिती अवश्य द्यावी. शिक्षकांनी असा चित्रपट वा वृत्तांत दाखविल्यावर विद्यार्थ्यांस तीन प्रश्न विचारावेत : पक्षकार कोण होते, न्यायालयास अधिकार कोठून मिळाला आणि निकालाची अंमलबजावणी कोणी करावयाची? पडदा जे सांगत नाही, ते या उत्तरांतून उलगडेल.