रंगयथार्थता, ऐतिहासिक नकाशांच्या प्रतिमांतील

रंगीत ऐतिहासिक नकाशा वा आरेखन यांची क्रमवीक्षकाने म्हणजे स्कॅनरने घेतलेली प्रतिमा मूळ वस्तूच्या रंगांशी कितपत जुळते, हे ठरविण्याची पद्धती. जुन्या नकाशात रंग ही केवळ सजावट नसते. पुष्कळदा तो माहितीचाच भाग असतो. चार्ल्स बूथ यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लंडनच्या दारिद्र्यदर्शक नकाशात रस्त्यारस्त्याची आर्थिक स्थिती सात रंगांनी दाखविली आहे. सर्वांत खालच्या वर्गाला काळा, त्यानंतर क्रमाने गडद निळा, फिकट निळा, जांभळा, गुलाबी व तांबडा आणि धनिकांना पिवळा, अशी ही योजना आहे. फिकट निळा रंग गरीब वस्तीचा, तर जांभळा काही सुस्थितीतील व काही गरीब अशा संमिश्र वस्तीचा. प्रतिमेतील निळ्यावर किंचित तांबूस झाक चढली, की मूळ कागदावर काहीही न बदलता एखादी गल्ली अभ्यासकाच्या दृष्टीने एक पायरी वर सरकते.

प्रतिमा कशाशी यथार्थ असावी, हा पहिला प्रश्न होय. नकाशा रंगविला गेला त्या दिवशीचे रंग आज कोणासही पाहता येत नाहीत. सोळाव्या-सतराव्या शतकांतील अनेक नकाशांत हिरव्या रंगासाठी जंगाल म्हणजे तांब्याचे ॲसिटेट वापरीत. ते कालांतराने तपकिरी होते आणि त्याखालचा कागदही ठिसूळ बनतो. सफेता व शेंदूर ही शिशाची रंगद्रव्ये हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे काळवंडतात. किरमिजी रंग प्रकाशाने विटतो. कागद स्वतः पिवळा पडतो, तो निराळाच. म्हणून तपकिरी झालेली सीमारेषा प्रतिमेत तपकिरीच दिसली पाहिजे; कागद पांढराशुभ्र करून घेण्याची प्रचलित हौस सर्वच रंग एका बाजूस ढकलते व तिला सुधारणा म्हणणे योग्य नाही. शिवाय हाताने रंगविलेल्या नकाशाची प्रत्येक प्रत वेगळी असते. विल्यम स्मिथ यांच्या इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडचा काही भाग यांच्या १८१५ च्या भूवैज्ञानिक नकाशात प्रत्येक शैलस्तराचा रंग तळाकडे गडद करीत नेला आहे. हे काम हातानेच झाल्याने एका प्रतीच्या प्रतिमेची पारख दुसऱ्या प्रतीवरून करता येत नाही.

मोजणीसाठी रंगाला अंकांत मांडावे लागते. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ मध्ये प्रमाण निरीक्षकाची व्याख्या केली आणि १९७६ मध्ये उजळपणा, तांबडे-हिरवेपण व पिवळे-निळेपण या तीन अक्षांवर आधारलेले रंगावकाश सुचविले. या अवकाशातील दोन बिंदूंमधील अंतर म्हणजे रंगभेद. अनुकूल प्रकाशात १ ते २ एककांचा भेद सरावलेल्या डोळ्याला जेमतेम जाणवतो. व्यवहारात नकाशाशेजारी ज्ञात रंगांचा तक्ता ठेवून दोहोंची प्रतिमा एकदमच घेतात. मॅकबेथ कंपनीचा १९७६ मधील २४ चौकोनांचा तक्ता विशेष प्रसिद्ध आहे. त्यातील ६ चौकोन पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांचे असतात. प्रतिमेतील या चौकोनांची मूल्ये ज्ञात मूल्यांशी ताडून पाहतात. मात्र केवळ सरासरीवर विसंबणे धोक्याचे आहे : २३ चौकोनांत १.५ एकक आणि एका निळ्यात १२ एकक भेद असला, तरी सरासरी २ च्या आतच राहते. बूथ यांच्या नकाशासाठी अशी प्रतिमा निरुपयोगी ठरेल.

तक्ता उत्तम जुळला, तरी नकाशाही जुळला असे सिद्ध होत नाही. तक्त्यातील आधुनिक रंग आणि नकाशातील नीळ किंवा जंगाल यांचे वर्णपट भिन्न असतात आणि उपकरणाच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या संवेदकांचा प्रतिसाद मानवी डोळ्यासारखा नसतो. नीळ व अल्ट्रामरीन ही द्रव्ये वर्णपटाच्या तांबड्या टोकाशी, जेथे डोळा जवळजवळ काहीच पाहत नाही तेथे, भरपूर प्रकाश परावर्तित करतात. उपकरणाने तो टिपल्यास निळा रंग जांभळट उमटतो. प्रशियन निळा मात्र तेथेही प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे डोळ्याला सारखेच भासणारे दोन निळे प्रतिमेत वेगळे पडू शकतात. यावर उपाय म्हणजे नकाशावरील निवडक जागांचे वर्णपट-प्रकाशमापकाने प्रत्यक्ष मापन करणे. खर्चिक व वेळखाऊ असले, तरी मोलाच्या नकाशांबाबत ते टाळू नये.

डोळ्याने तुलना करावयाची, तर प्रकाश ठरलेला हवा. छपाईच्या व्यवसायात त्यासाठी सु. ५,००० केल्विन वर्णतापमानाचा, २,००० लक्स तीव्रतेचा प्रकाश प्रमाण मानतात; पण विटणाऱ्या कागदी वस्तू प्रदर्शित करताना संग्रहालये सामान्यतः ५० लक्सची मर्यादा पाळतात. म्हणून मूळ नकाशा या प्रखर प्रकाशात काही मिनिटेच ठेवावा. पडदाही मोजून समायोजित केलेला असावा लागतो.

मूळ नकाशा हाताशी नसताना केवळ प्रतिमेवरून फारच थोडे सांगता येते. शेजारी तक्ता असल्यास त्याचे करडे चौकोन झाक दाखवितात की नाही ते पाहावे. फाईलसोबत रंगवर्णन म्हणजे प्रोफाइल जोडलेले आहे का, तेही तपासावे. ते काढून टाकल्यास त्याच अंकांपासून वेगवेगळ्या पडद्यांवर वेगवेगळे रंग दिसतात. तक्ता कापून टाकलेल्या व कागद दुधासारखा पांढरा केलेल्या प्रतिमेवरून रंगांविषयी विधान करू नये. विटलेले रंग पूर्ववत करून दाखविणारी प्रतिमा तयार करावयाची असल्यास ती अनुमान म्हणून स्वतंत्र ठेवतात आणि मूळ मोजलेली फाईल तशीच जतन करतात.