ढाणकीच्या निवेदकाला जागा कोठे?

उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या ठिकाणी एखाद्या मुलाचा आवाज चांगला असला, की गणेशोत्सवातील सूत्रसंचालन आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातील निवेदन ही कामे आपोआप त्याच्या वाट्याला येतात. 'तू रेडिओवर शोभशील,' असे कौतुकही होते. परंतु हाच मुलगा जेव्हा गंभीरपणे विचारतो, की आपल्या भागातील लोकांशी रोज बोलणारा, त्यांना बोलते करणारा निवेदक म्हणून मला पोट भरता येईल काय, तेव्हा वडीलधाऱ्यांजवळ आणि गुरुजींजवळ उत्तर नसते. यात त्यांचा दोष नाही. अशा मुलासाठी आपण व्यवस्थाच उभी केलेली नाही.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. पुढे स्थानिक केंद्रांची कल्पना आली. त्यांतील देशातले पहिले केंद्र १९८४ मध्ये नागरकोइल येथे उभे राहिले. यवतमाळलाही आकाशवाणीचे केंद्र आहे. पण ढाणकीहून यवतमाळ शंभर किलोमीटरांहून दूर. पैनगंगेपलीकडचे नांदेडच त्या मानाने जवळ. शिवाय तेथे प्रवेश मिळतो तो बहुधा नैमित्तिक निवेदक म्हणून. स्वर चाचणीतून पार पडावे आणि महिन्यातून मोजक्या पाळ्यांवर समाधान मानावे! एवढ्या मानधनावर परगावी बिऱ्हाड थाटता येत नाही. खासगी वाहिन्यांचे लक्ष मोठ्या शहरांकडे आणि चित्रपटगीतांकडे. ज्या गावात जाहिरातदार नाही, त्या गावाचे गाऱ्हाणे त्यांच्या हिशेबात बसत नाही.

रेडिओवर गप्पा मारणे हा चैनीचा धंदा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी २०१७ चे वर्ष आठवावे. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावर सूचना छापलेल्या असतात. पण फवारणी करणाऱ्या मजुराला ती बारीक अक्षरे वाचता येतीलच असे नाही. त्याच्याशी त्याच्या बोलीत, मग ती मराठी असो, बंजारा असो वा गोंडी, रोज संध्याकाळी बोलणारा कोणी ओळखीचा माणूस असता, 'आज कोणाला चक्कर आली?' असे विचारणारा असता, तर धोक्याची चाहूल कदाचित लवकर लागली असती. माहिती सांगणारे पुष्कळ आहेत. विचारणारा आणि ऐकून घेणारा नाही.

हे काम अशक्य नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने पुणे, नाशिक, कोल्हापूर आदी पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापिली होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम मंडळाने एकत्र बसून ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि शंका केंद्राकडे धाडावयाच्या, अशी ती पद्धत. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील भिंत तेथे थोडीशी ढासळली होती.

कायद्यानेही दार उघडले आहे, परंतु अर्धेच. १९९५ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. शैक्षणिक संस्थांना ती त्याआधीच होती. साताऱ्यातील म्हसवडसारख्या दुष्काळी गावातून असे केंद्र चालते. पण अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती शंभर वॅटच्या आसपास, म्हणजे आवाज पोहोचणार दहा-बारा किलोमीटर. व्यक्तीला परवाना मिळत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण ही, की आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकविण्यापलीकडे बातम्या व चालू घडामोडींना मज्जाव आहे. हवामान सांगा, परीक्षांचे निकाल सांगा, आरोग्याचा इशारा द्या. परंतु दवाखान्यात डॉक्टर का नव्हते, हे विचारले की निवेदकाने मर्यादा ओलांडली, असे म्हणावयास वाव राहतो. ज्याला 'का' हा शब्द जपून वापरावा लागतो, तो निवेदक लोकांचा प्रतिनिधी कसा व्हावा?

बंदी उठविल्यास खेडोपाडी चिथावणी पसरेल, अशी भीती दाखविली जाते. ती सर्वस्वी खोटी नाही. पण आज भ्रमणध्वनीवरून निनावी अफवा क्षणात तालुकाभर फिरते, तिला ना परवाना लागतो ना पत्ता. उलट, सामुदायिक केंद्राला परवाना असतो, त्याचा निवेदक सर्वांच्या ओळखीचा असतो आणि चुकला तर दुसऱ्या दिवशी बाजारात त्याला गाठता येते. जबाबदारीचे याहून मोठे बंधन कोणते?

म्हणून दोन गोष्टी व्हावयास हव्यात. पहिली, स्थानिक घडामोडींवर दोन्ही बाजू मांडून चर्चा करण्याचा अधिकार सामुदायिक केंद्रांना मिळावा. दुसरी, निवेदकाच्या वेतनाची काही तजवीज सार्वजनिक निधीतून व्हावी. इंग्लंडमध्ये १९६७ साली लेस्टर येथे बीबीसीचे पहिले स्थानिक केंद्र उघडले. तेथील निवेदक जाहिरातीच्या आशेवर जगत नाही. ग्रंथपालाला आपण पगार देतो. मग वाचता न येणाऱ्यांच्या ग्रंथपालाला का देऊ नये? उमरखेड-पुसद परिसरातील एखाद्या महाविद्यालयाने अथवा कृषी संस्थेने परवान्यासाठी पुढाकार घेतला, तर आरंभ होऊ शकेल.

आणि त्या मुलाने तोवर काय करावे? आवाजावर फार भरवसा ठेवू नये. सातबारा, पीकविमा आणि ग्रामसभेचे नियम समजून घ्यावेत. शेजारच्या तांड्याची भाषा शिकावी. कळलेली गोष्ट खात्री केल्यावाचून बोलू नये. आणि समोरचा माणूस अडखळला, तर त्याचे वाक्य आपण पूर्ण करण्याची घाई करू नये. ही विद्या शिकलेला मुलगा शिक्षक झाला तरी, कारकून झाला तरी लोकांच्या उपयोगी पडेल. परंतु त्याला निवेदकच व्हावयाचे असेल, तर त्याने त्यासाठी गाव सोडावे लागू नये. कारण त्याचे ज्ञान गावाचे आहे, आणि गाव सुटले की ते हळूहळू निरुपयोगी होते.