टिपणावरील डाग

दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचा माल उतरवून झाला की आसपासच्या खेड्यांतील शेतकरी पुष्कळदा घरच्या पेटीतील जुने कागद घेऊन माझ्याकडे येतात. सातबाऱ्याच्या उताऱ्यांच्या जुडग्यात वडिलोपार्जित जमिनीच्या टिपणाची किंवा फाळणी नकाशाची, घड्यांवर विरलेली आणि कसरीने खाल्लेली एखादी नक्कल असते, आणि ती संगणकावर स्वच्छ होऊन वाचता यावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

या कागदांमागील मोजणी समजल्यावाचून हे काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबई इलाख्यातील सर्वेक्षणात ३३ फुटांची साखळी वापरीत आणि तिचे १६ आणे पाडीत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर. शेतातून सरळ साखळी टाकावयाची, बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत तिच्यावरून काटकोनात शंकू, म्हणजे लंब, काढावयाचा, आणि दोहोंची मापे टिपणात त्या त्या रेषेलगत मांडावयाची, अशी ती शंकुसाखळी पद्धत होती. १८५२ साली खानदेशातील रयतेने ज्या सरकारी मोजणीविरुद्ध दंगा केला, तिचे दप्तर पुढे त्याच रयतेच्या नातवंडांना हद्दीच्या तंट्यांत आधार झाले. अशा कागदावरील बारीकसा आकडाही म्हणूनच क्षुल्लक नसतो.

स्कॅन मी ६०० डीपीआयवर आणि रंगीतच करतो. निव्वळ काळ्यापांढऱ्या पर्यायात यंत्र प्रत्येक ठिपक्याचा निकाल तत्क्षणी लावून मोकळे होते, आणि फिकट शाईची बाजू ऐकून घेण्यास पुढे काही उरतच नाही. रंगीत प्रतिमेचे लाल, हिरवा व निळा असे तीन थर फोटोशॉपमध्ये किंवा गिम्पमध्ये पृथक् करून पाहता येतात. लाल थरात कागदाचा पिवळेपणा आणि पाण्याचे तपकिरी ओघळ जवळजवळ विरून जातात व काळ्या शाईचे आकडे ठळक उठतात; मात्र त्याच थरात तांबड्या शाईने ओढलेली पोटहिस्स्याची रेषाही नाहीशी होते. निळ्या थरात सारे उलट: डाग गडद होतात, पण तांबडी रेषा काळी होऊन स्पष्ट दिसू लागते. तेव्हा काळ्या शाईसाठी एक थर आणि तांबडीसाठी दुसरा, असे दोन्ही घेऊन त्यांचा मेळ घालावा लागतो, आणि घाईने एकाच थरावर विसंबणाऱ्याच्या हातून एखाद्या भावाचा हिस्साच नकाशातून लुप्त व्हावयाचा.

खरी कसोटी ठिपक्यांची. बारीक ठिपके आपोआप पुसून टाकणारी सोय या प्रणालींत आहे, परंतु माशीचा डाग आणि हद्दीच्या दगडाची खूण यांतील भेद तिला कळत नाही. मी प्रतिमा चौपट मोठी करून, जोडलेली मापे वाचीत, एकेक ठिपका तपासतो. ज्याविषयी संशय आहे तो तसाच ठेवतो. आणि खोडरबर न वापरता मास्क लावतो, म्हणजे झाकलेले केव्हाही उघडता येते. घडीवर तुटलेली रेषा मात्र मी कदापि जोडीत नाही. ती तेथे सरळ गेली होती की एखाद्या आण्याने वळली होती, हे कागदाने सांगावयाचे, मी नव्हे. मागे एक वृद्ध शेतकरी शेजारी बसून म्हणाले, “भाऊ, डाग पुसी टाक, पन रेघले हात लावू नको.” या कामाचा सारा कायदाच त्यांच्या तोंडून निघाला.

जुना कागद सर्व दिशांनी सारखा आटत नाही, म्हणून प्रतिमा ताणून काटकोनात बसविण्याचा मोहही टाळावा लागतो. तिरपा पडलेला स्कॅन तेवढा सरळ फिरवितो. मूळ स्कॅन निराळा जतन करून छापील प्रतीच्या समासात ‘केवळ वाचनासाठी’ असे मी लिहितो, आणि बांधाचा वाद असेल त्यास शिंदखेड्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून प्रमाणित नक्कल घेण्यास व मोजणीचा अर्ज देण्यास सांगतो.