बिग बझार: कागलच्या बाजूने एक मागोवा

सुवर्ण चतुष्कोणाचं काम झालं, पुणे-बेंगळुरू महामार्ग चौपदरी झाला आणि कोल्हापूरजवळच्या कागल पंचतारांकित एमआयडीसीचे दिवस पालटले. इटालियन भागीदारीतलं रेमंडचं शर्टिंग, तुर्कस्तानचं सोक्तास, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स असे मोठे कारखाने 2000 नंतरच्या दशकात इथे उभे राहिले. किशोर बियाणींचा बिग बझार 2001 मध्ये सुरू झाला आणि याच दशकात छोट्या शहरांकडे वळला. त्याच्या सुरुवातीच्या छोट्या शहरांत सांगली होती, कोल्हापूरलाही तो आला. कसबा सांगाव, तळंदगे, हुपरीकडच्या पोरांच्या हातात पक्का पगार यायला लागला होता आणि तो खर्च करायला वीसेक किलोमीटरवर नवी जागा तयार होती.

एका छताखाली सगळा बाजार ही कोल्हापूरला काही नवलाई नव्हती. 1939 पासूनचा शेतकरी सहकारी संघ होता, तात्यासाहेब कोरेंच्या वारणानगरात वारणा बझार होता. पण तिथे माणूस सभासद म्हणून, गरजेपुरतं घ्यायला जायचा. बिग बझारात तो कुटुंबकबिला घेऊन, नुसतं हिंडायलाही जाऊ लागला.

बियाणींना हे गिऱ्हाईक बरोबर कळलं होतं, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. दुकान त्यांनी मुद्दाम चकाचक ठेवलं नाही. वाटा अरुंद, गर्दी, कलकलाट, अगदी आठवडी बाजार. गहू-तांदूळ उघड्यावर मांडलेले. बायका मूठभर गहू तळहातावर घेत, खडा-किडा बघत, एखादा दाणा दाताखाली फोडत आणि मगच पिशवी भरत. 2006 पासून 26 जानेवारीची ‘सबसे सस्ता दिन’ची झुंबड सुरू झाली. रद्दी, जुने कपडे, जुनी भांडी आणा आणि कूपन न्या, हीही योजना होती. भंगारवाल्याशी रुपया-रुपयासाठी घासाघीस करणाऱ्या घराला ती न आवडती तरच नवल!

पण मॉलला रोख लागायची. जुन्या वेतन कायद्याप्रमाणे हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्यात सात तारखेपर्यंत पगार, मोठ्या कारखान्यात दहापर्यंत. त्यानंतरचा आठवडा ट्रॉलीचा. वीस तारखेला तेल संपलं की पुन्हा गावातला किराणावाला आणि त्याची वही. मॉल आल्यावर किराणावाले बसणार अशी आवई उठली होती, पण ही वही काही बंद पडली नाही.

बिग बझार ऑनलाइन खरेदीने मेला, असं आता सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. ऋण काढून सण करावा तसं ते दुकान वाढलं: जागा भाड्याच्या, माल उधारीचा, विस्तार कर्जावर. कर्ज हलकं करायला 2012 मध्ये बियाणींना आपलं पँटलून्स आदित्य बिर्ला समूहाला द्यावं लागलं. (याच समूहाच्या ग्रासिमने 2019 मध्ये कागलचं सोक्तास घेतलं, मालक आमच्या कारखान्यांचेही बदलतात.) उलट राधाकिशन दमाणींच्या डी-मार्टने बहुतेक ठिकाणी स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान काढलं आणि थाटमाट टाळला. तो टिकला.

2020 च्या टाळेबंदीत विक्री थांबली आणि सगळं उघडं पडलं. त्या ऑगस्टमध्ये बियाणींचा व्यवसाय रिलायन्सला विकण्याचा 24,713 कोटींचा सौदा ठरला, ॲमेझॉनने तो अडवला आणि लवाद, कोर्टकज्जे सुरू झाले. दरम्यान भाडी थकत गेली. अनेक जागांचे भाडेकरार रिलायन्सने आपल्याकडे घेतले होते. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस तिने दुकानंच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये धनकोंनी सौदा फेटाळला आणि जुलैमध्ये बिग बझार चालवणारी बियाणींची फ्युचर रिटेल ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ताब्यात गेलेल्या दुकानांपैकी बऱ्याच ठिकाणी पुढे ‘स्मार्ट बझार’ अशी पाटी लागली.

एमआयडीसीतल्या गिऱ्हाइकाने बिलाचे पैसे काउंटरवर तिथल्या तिथे मोजले होते. बुडाली ती वर मुंबईत घेतलेली उधारी. जुलै 2024 मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने फ्युचर रिटेल मोडीत काढण्याचा आदेश दिला.